मागे लागणं सोडलं तर तो अभ्यास करेल का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा दहावीला. पहाटे साडेपाचला उठतो, शाळा आणि दोन क्लास सांभाळून रोज चार तास तरी पुस्तकासमोर बसतो. सहामाहीला ६१ टक्के पडले. शाळेच्या पालकसभेत एका मॅडमनी बॅरी झिमरमन या अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाबद्दल सांगितलं आणि ‘स्वयंनियंत्रित अध्ययन’, म्हणजे आपला अभ्यास आपणच ठरवून, तपासून चालवणं, हा शब्द वापरला. ताई लिहितात, “ऐकायला चांगलं वाटलं, पण घरी येऊन करायचं काय ते कळलं नाही. वेळापत्रक मी करते, उठवते मी, वह्या बघते मी. मी मागे लागणं सोडलं तर हा अभ्यास करेल का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. उद्यापासून एकदम सोडलंत तर नाही करणार. आणि परीक्षेपर्यंत असंच धरून ठेवलंत, तर अकरावीला पुण्याला किंवा आणखी कुठे गेल्यावर तो पहिल्याच महिन्यात गोंधळेल. मधली वाट आहे, आणि झिमरमन यांच्या कामात ती बरीच स्पष्ट दिसते. मी अकरा वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं आणि गेली अठरा वर्षं कोल्हापुरात शाळांमधून समुपदेशन करतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय थोडक्यात सांगितला की “पोराला मोकळं सोडा” एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, आणि ते चूक आहे.

झिमरमन न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत प्राध्यापक होते. १९८६ मध्ये त्यांनी आणि मॅन्युएल मार्टिनेझ-पोन्स यांनी दहावीतल्या ८० मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. चाळीस अभ्यासात वरच्या गटातली, चाळीस खालच्या गटातली. प्रश्न साधे होते. घरी अभ्यास करताना तू काय करतोस? गणित सुटत नसलं तर? परीक्षा जवळ आली की? अभ्यासाची इच्छाच होत नसेल तेव्हा? मुलांनी जे सांगितलं त्यातून अभ्यासाच्या चौदा प्रकारच्या युक्त्या त्यांनी वेगळ्या काढल्या. आधी ठरवणं, माहिती शोधणं, आपल्या चुकांची नोंद ठेवणं, बसायची जागा नीट करणं, जुने पेपर आणि टिपणं पुन्हा पाहणं, अडलं की विचारणं, अशा. मग कोणतं मूल कोणत्या युक्त्या किती वापरतं एवढ्यावरूनच ते वरच्या गटातलं की खालच्या, हे ९३ टक्के वेळा बरोबर ओळखता आलं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो होतो. मी वर्गात हुशार आणि कच्चा असे दोन कप्पे करून शिकवत होतो, आणि इथे कुणीतरी दाखवत होतं की त्या दोन कप्प्यांत मुलं करतात काय, तेच वेगळं आहे. एक सांगायला हवं. ही मुलाखत होती, मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेलं होतं. युक्त्या वापरल्या म्हणून गुण वाढले, की अभ्यास जमतो म्हणून युक्त्या सुचल्या, हे एवढ्यावरून ठरत नाही. पुढच्या प्रयोगांनी त्यातलं काही उलगडलं, त्याकडे येतो.

त्या चौदांत दुसऱ्याची मदत घेणं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मित्राला, शिक्षकांना, घरातल्या मोठ्यांना विचारणं. ‘स्वयं’ म्हटलं की आपल्याला एकट्यानं दार लावून बसलेलं मूल दिसतं. तसं नाही. जे मूल नेमकं काय अडलंय ते ओळखून उठतं आणि “सर, इथपर्यंत आलं, पुढं का असं?” म्हणून विचारतं, ते स्वतःचा अभ्यास स्वतः चालवतंय. “सर, मला धडाच कळला नाही” म्हणणारं मूल अजून तिथे पोहोचलेलं नाही.

दुसरा शब्द ‘नियंत्रित’. हा आपल्या घरांत शिस्त म्हणून ऐकला जातो. पहाटे उठणं, मोबाइल लॉकरमध्ये, टीव्ही बंद. तुमच्या मुलाकडे हे सगळं आहे, आणि तरी ६१. म्हणजे उणीव दुसरीकडे आहे. मला विचाराल तर ‘स्वावलंबी अभ्यास’ हा शब्द जास्त बरा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. तो शब्द आपण फीपुरता आणि श्रमापुरता घेतला. डोक्यातल्या कामालाही तो तितकाच लागू आहे.

आता गाभ्याचं. झिमरमन म्हणतात की असा अभ्यास एका चक्रात चालतो आणि त्या चक्राला तीन टप्पे आहेत. करण्याआधीचा विचार, करताना स्वतःवर ठेवलेलं लक्ष, आणि झाल्यावर काय घडलं याची स्वतः केलेली तपासणी. तिसऱ्यातून जे कळतं ते पुढच्या वेळच्या पहिल्यात जातं, म्हणून चक्र. पुस्तकी वाटेल, पण कोल्हापुरात हे समजायला पुस्तक लागत नाही.

माझं बालपण मंगळवार पेठेत गेलं. घरामागच्या बोळात तालीम होती. मी कुस्ती केली नाही, पण शाळेला जायच्या आधी दारात उभा राहून बघायचो. एक पोरगं, माझ्याच वयाचं, पट काढायला, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय धरायला, जायचं आणि दर वेळी समोरचा त्याच्या मानेवर भार टाकून त्याला मातीत दाबायचा. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले. ते पहिल्यांदा काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पोरगं उठलं, अंगावरची लाल माती झाडली, तेव्हा विचारलं, “कुठं धरलं त्यानं तुला?” पोरगं म्हणालं, “मानंवर.” “मान तिथं का गेली?” पोरगं गप्प. “परत जा, आणि आत शिरताना तुझी नजर कुठं हाय तेवढंच बघ.” चौथ्या वेळीही पट निघाला नाही, पण ते पोरगं स्वतःहून वळून म्हणालं, “खाली बघतोय वस्ताद मी.” त्यावर वस्तादांनी फक्त मान हलवली आणि दुसऱ्या जोडीकडे बघायला लागले.

हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं की त्या पाच मिनिटांत चक्राचे तिन्ही टप्पे होते. पोराला एक छोटी गोष्ट ठरवून दिली, नजर. करताना त्या एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायला लावलं. आणि झाल्यावर चूक त्याच्याच तोंडून वदवून घेतली. “तुझ्यात दम नाही” असं वस्ताद म्हणाले असते, तर पोरानं काय केलं असतं? दम काही उद्या सकाळपर्यंत वाढत नाही. नजर मात्र पुढच्याच खेपेला वर करता येते.

टिमोथी क्लिअरी आणि झिमरमन यांनी २००१ मध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांवर अगदी हेच तपासलं. फ्री थ्रो चुकला की मुलांना विचारायचं, का चुकला? तरबेज मुलं नेमकं तंत्रातलं कारण सांगायची, कोपर बाहेर गेलं वगैरे. बाकीच्यांची उत्तरं मोघम असायची. टाकण्याआधी काय ठरवलं होतं, यातही तोच फरक. चुकल्यावर दिलेलं कारण पुढच्या फेकीच्या उपयोगी पडणारं आहे का, इथे सगळं येऊन ठेपतं.

आता अभ्यासाच्या टेबलापाशी येऊ. पन्हाळ्याकडच्या एका गावातून आलेला, शहरात मामाकडे राहून दहावी करणारा एक मुलगा माझ्याकडे पाठवला होता. विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला. जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळी रेघ. ‘उष्णता’ धडा किती वेळा वाचलास विचारलं, तर चार वेळा म्हणाला, आणि खरं बोलत होता. मी पुस्तक मिटलं, कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, अप्रकट उष्मा म्हणजे काय ते लिही, आणि बर्फ वितळत असताना तापमान का वाढत नाही तेही. दीड ओळ लिहून त्याचा पेन थांबला. त्यानं परत परत सुरुवात केली. मग डोळ्यांत पाणी आलं. “सर, काल रात्री सगळं येत होतं वो.”

त्याला काल रात्री खरंच येत होतं असं वाटत होतं. पुस्तक उघडं असताना ओळ ओळखीची वाटते, आणि ओळख पटली की मन म्हणतं झालं, आलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये हे मोजलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं तपासलं तर उलट. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे रात्री झोपताना जी पद्धत जास्त चांगली वाटते ती पेपरच्या दिवशी दगा देते. मुलाला हे आतून कळायला काही मार्गच नसतो, म्हणून तो जास्त वाचतो, आणखी पिवळ्या रेघा मारतो. तुमचा मुलगा चार तास काय करतो हे मला तुमच्या पत्रातून कळत नाही. पण त्यातला मोठा भाग पुस्तक उघडं ठेवून जात असेल, तर ६१ चं कोडं बऱ्यापैकी तिथेच सुटतं.

त्या मुलाला मी नवीन वेळापत्रक दिलं नाही. एक शंभर पानी वही दिली आणि चार रकाने आखायला लावले. आज काय करणार, किती गुण पडतील असं वाटतं, प्रत्यक्षात किती पडले, आणि फरक कशामुळे. रोज एकच विषय, दहा गुणांचे प्रश्न, पुस्तक मिटून. प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायातले, म्हणजे शोधायला वेळ जाणार नाही. तपासायचं त्यानंच, पुस्तक उघडून, लाल पेनानं. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मुलं नेमका तोच टाळतात. अंदाज लिहिला की मूल स्वतःला बांधून घेतं. पहिल्या दिवशी वर्गसमीकरणांवर त्यानं लिहिलं ८. पडले ४.

चौथ्या रकान्यात त्यानं लिहिलं, “गणित कच्चं आहे.” मी त्यावर काट मारली नाही. सहा चुका समोर ठेवल्या आणि म्हटलं, यात सारखं काय दिसतं बघ. दहा मिनिटं गेली. मग त्याला दिसलं. सहापैकी चार ठिकाणी सूत्रात ‘उणे बी’ च्या जागी किंमत घालताना, बी आधीच उणे असताना, तो पुन्हा उणेच लिहीत होता. बी जर उणे ५ असेल तर उणे बी अधिक ५ होतो. एवढंच. कच्चं गणित नव्हतं, एक चिन्ह होतं. त्यानं चौथ्या रकान्यात पहिलं वाक्य खोडून लिहिलं, “किंमत कंसात लिहायची.” दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या रकान्यात तेच वाक्य आलं. चक्र फिरलं ते असं.

मी स्वतः शिक्षक असताना उत्तरपत्रिकांवर शेकडो वेळा “अधिक अभ्यासाची गरज” असं लिहिलं आहे. त्या मुलांना मी त्यातून काहीच दिलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. अधिक म्हणजे किती, कशाचा, कसा, यातलं काही त्या शब्दांत नव्हतं. त्यातली बरीचशी मुलं घरी जाऊन तेच आणखी दोनदा वाचत बसली असणार.

मधला टप्पा, करताना लक्ष ठेवण्याचा, हा शिकवायला सगळ्यात अवघड. मी मुलांना गुऱ्हाळाचं उदाहरण देतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ते पाहिलेलं असतं. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणाचा जाळ, मळी काढून झालेली. गुळव्या घड्याळ लावून गूळ काढत नाही. फेस कसा बदलतोय, बुडबुडे केवढे येतायत, रंग कुठवर आला, हे बघत राहतो. मग थोडासा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघतो. लवकर उतरवला तर ढेप धरत नाही, उशीर झाला तर करपतो. “दोन तास झाले, आता उठतो” म्हणणारा मुलगा घड्याळ बघून गूळ उतरवतोय. त्याला पाण्यात टाकून बघायची सवय लावायची. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुस्तक मिटून दोन ओळी लिहायच्या किंवा मोठ्यानं बोलायच्या. आलं तर पुढे. नाही आलं तर नेमकं कुठे तुटलं तेवढंच उघडून बघायचं.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे ठरवताना, घरोघरी एक चूक होते. ध्येय फार लांब असतं. “नव्वद टक्के” असं कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत मागे पडलेल्या मुलांना ४२ पानांचं काम दिलं. सात बैठका. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं करायची. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत सगळी ४२ करायची. सहा पानांचं ध्येय असलेली मुलं वजाबाकीत पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढला आणि मोकळ्या वेळेत आपणहून गणितं सोडवण्याची आवडही. काम सगळ्यांना तेवढंच होतं.

आणि ध्येय गुणांचं असावं की पद्धतीचं? झिमरमन आणि अनास्तासिया किटसांतास यांचा १९९७ चा प्रयोग इथे कामाला येतो. हायस्कूलच्या मुलींना डार्ट फेकायला शिकवलं. काहींना सांगितलं, जास्तीत जास्त गुण मिळवा. काहींना सांगितलं, हाताची हालचाल बरोबर करण्याकडे लक्ष द्या. तिसऱ्या गटानं आधी हालचाल पक्की केली आणि ती अंगवळणी पडल्यावर गुणांकडे वळल्या. हा तिसरा गट सगळ्यांत पुढे गेला. नुसत्या गुणांमागे असलेल्या मुली सगळ्यांत मागे राहिल्या. स्वतःची नोंद ठेवणाऱ्यांना त्याचा वेगळा फायदा झाला. म्हणून तुमच्या मुलाच्या वहीत आत्ता “भूमितीत ३५” असं ध्येय नको. “प्रमेय सिद्ध करताना प्रत्येक विधानापुढे कारण लिहीन” असं हवं. जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या वेळी गुण आणि वेळ ही ध्येयं घ्यायला हरकत नाही, तोवर हात बसलेला असेल.

आता तुमच्याबद्दल, ताई. तुम्ही वेळापत्रक करता, उठवता, वह्या बघता. तिन्ही टप्पे नीट चालले आहेत, फक्त ते तुमच्या डोक्यात चालले आहेत. ठरवणं तुमचं, लक्ष ठेवणं तुमचं, तपासणी तुमची. त्याच्याकडे फक्त बसणं उरलं आहे. यात तुमचा दोष मी मानत नाही. दहावी म्हटलं की अख्खं घर परीक्षेला बसतं, आणि प्रेमापोटीच बसतं. पण कौशल्य ज्याच्या हातून घडतं त्याच्याकडे ते जातं.

ते त्याच्याकडे कसं द्यायचं याचीही पायरी झिमरमन यांनी सांगितली आहे. आधी मूल बघतं. मग आपल्या देखत तसंच करून बघतं. मग एकटं, पण ठरलेल्या चौकटीत करतं. आणि शेवटी परिस्थिती बदलली तर पद्धतही स्वतः बदलतं. तालमीतही असंच असतं. वस्तादांचा हात धरून डाव, मग जोडीबरोबर सराव, मग एकट्यानं मेहनत, आणि खासबागच्या कुस्ती मैदानात उतरल्यावर समोरच्याचा डाव बघून आपला डाव. कुणी पोराला पहिल्याच दिवशी मैदानात ढकलत नाही, आणि कुणी मैदानात त्याच्याबरोबर उतरतही नाही.

तुमच्या घरात याचा अर्थ असा. पहिला आठवडाभर तुम्ही त्याच्या देखत, मोठ्यानं विचार करत एखादी गोष्ट करून दाखवा. तुम्ही शिवणकाम करत असाल, हिशेब करत असाल, काहीही. “मला वाटलं होतं अर्ध्या तासात होईल, पाऊण तास लागला, कारण माप आधी घेतलं नाही.” मुलांना मोठी माणसं अंदाज चुकल्यावर काय करतात हे क्वचितच बघायला मिळतं. त्याच आठवड्यात वहीचे चार रकाने दोघांनी मिळून भरायचे. दुसऱ्या आठवड्यापासून पहिला आणि चौथा रकाना फक्त त्याचा. तुम्ही वाचू शकता, बदलायचं नाही. त्यानं लिहिलं “इतिहास दोन धडे” आणि तुम्हाला दिसतंय की होणार नाहीत, तरी गप्प बसा. संध्याकाळी होणार नाहीत, आणि ते त्याला त्याच्याच अक्षरात दिसेल. हे गप्प बसणं फार जड जातं. मला माझ्या मुलीच्या वेळी जड गेलं. महिन्याभरानं वही बघणंही आठवड्यातून एकदाच, रविवारी, पंधरा मिनिटं.

संध्याकाळी तुम्ही काय विचारता तेही बदला. “किती वेळ बसलास?” आणि “झाला का अभ्यास?” हे दोन प्रश्न घरातून काढून टाका. पहिल्याचं उत्तर बसण्याबद्दल असतं, दुसऱ्याचं उत्तर “हो” असतं. त्याऐवजी, “आज काय येईल असं वाटलं होतं आणि आलं नाही?” सुरुवातीला तो खांदे उडवेल. रोज विचारा, आणि उत्तर मिळालं की त्यावर उपदेश करू नका. उपदेश झाला की पुढच्या दिवशी उत्तर मिळणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन क्लास आणि शाळा मिळून त्याचा दिवस दुसऱ्यांनी ठरवलेल्या कामात जातो. शक्य असेल तर एक कमी करा आणि तो वेळ वहीला द्या. मोबाइलची चिंता मला त्या मानानं कमी वाटते. जे मूल पंचवीस मिनिटं ठरवून लिहितं ते मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला स्वतःच तयार होतं, आणि जागा नीट करणं ही त्या चौदा युक्त्यांपैकीच एक आहे, फक्त ती त्यानं करायची असते.

एक सावधगिरी. काही वेळा प्रश्न वेगळाच असतो. वाचताना अक्षरं, ओळी सुटत असतील, बोलून दाखवता येतं पण लिहिता येत नाही असं लहानपणापासून असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. शिक्षण मंडळाच्या सवलतीही असतात, त्यासाठी शाळेकडे लवकर विचारा. पेपरच्या आधी उलट्या, छातीत धडधड, झोप उडणं असं असेल तर वही बाजूला ठेवून समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. आणि तो साडेपाचला उठत असेल तर झोपतो किती वाजता ते बघा. साडेअकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला आधी झोप द्या.

पन्हाळ्याकडच्या त्या मुलाबद्दल बऱ्याच पालकांना उत्सुकता असते, किती टक्के पडले म्हणून. ते मी सांगत नाही, कारण मग सगळं त्या आकड्यावर येतं. पण डिसेंबरात तो वही घेऊन आला होता ते सांगतो. अंदाज ७, प्रत्यक्ष ७. अंदाज ५, प्रत्यक्ष ६. दुसरा आणि तिसरा रकाना जवळ आले होते. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे त्याला आता पुस्तक न उघडता कळत होतं. आणि पाचवा रकाना त्यानं स्वतः आखला होता, ‘कुणाला विचारायचं’. त्यात मित्राचं नाव होतं, विज्ञानाच्या मॅडम होत्या, आणि दोन ठिकाणी ‘मामा’.

सुरुवात कुठून करायची ते सांगून थांबतो. येत्या रविवारी सहामाहीची गणिताची आणि विज्ञानाची उत्तरपत्रिका काढायला सांगा. जिथे गुण गेलेत ती प्रत्येक जागा त्यानंच शोधायची आणि प्रत्येकीपुढे एक शब्द लिहायचा. ‘विसरलो’, ‘कळलंच नव्हतं’, ‘वेळ संपला’, ‘घाईत चुकलं’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’. तुम्ही शेजारी बसा, चहा घ्या, पण पेन त्याच्या हातात राहू द्या. शेवटी कोणता शब्द किती वेळा आला ते त्याला मोजायला सांगा. जो सगळ्यात जास्त वेळा आला असेल, तो सोमवारच्या पहिल्या रकान्यात जाईल.